नऊ नंबरची घरपोच सेवा

आमच्या ह्यांना सगळे 'डबलबेल' म्हणायचे. बावीस वर्षं नऊ नंबरच्या बसवर कंडक्टर होते. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. ती सवय अशी हाडीमाशी खिळलेली की जेवण झालं की ताटाच्या कडेवर दोन बोटांनी ठक ठक, दाढी झाली की आरशावर ठक ठक. वेगळा संसार मांडला त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस मला हाका मारतोय. मी आपली दर वेळी पदराला हात पुसत धावत बाहेर. शेवटी एकदा म्हणाले, "अगं, तुला नाही, मी पुढे निघालो." घ्या! चार हात लांबच्या मोरीकडे निघाले होते.

माणूस मोठा सरळ, पण हट्टी. वेळ म्हणजे वेळ. अकरा अठराला बस सुटायची म्हणजे अकरा अठरालाच सुटायची. ड्रायव्हर चहाचा कप तोंडाला लावून बसलेला असला तरी हे मागून दोरी ओढायचे. मी चिडायचे, हसायचे, कधी दोन्ही एकदम. आता ती ठक ठक ऐकू येत नाही, तर कधीकधी जेवण झाल्यावर मीच ताटावर वाजवते. कुणाला सांगू नका.

तर नऊ नंबर बंद झाली. मार्गाच्या शेवटी कागदाचा कारखाना होता. तो बसला, मग बसमध्ये माणसं कमी झाली, आणि एका सोमवारी हे सकाळी अकरा वाजताच घरी आले. खांद्यावर कातडी पिशवी नव्हती. बावीस वर्षांत त्या खांद्याला मी पिशवीशिवाय पाहिलंच नव्हतं, तो थोडा खाली झुकलेलाच राहिला होता. म्हणाले, "जमा करून आलो." आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तीन महिन्यांचा पगार हातात ठेवला होता कंपनीने, बाकी नमस्कार.

आठवड्याभरात दादा आले, म्हणजे माझे थोरले दीर. सासरे लवकर गेले, तेव्हा दादांनीच ह्यांना वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. त्यामुळे दादांपुढे ह्यांची मान कायम खाली. दादा दोनशे किलोमीटरवर राहायचे, मोठ्या शहरात. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि निकाल देऊन टाकला. "माझ्या ओळखीत एका गोदामावर वॉचमनची जागा आहे. तीन महिने थांबतील ते लोक. आमची मागची खोली रिकामीच आहे. इथलं आवरा आणि या." हे म्हणाले, "बरं, दादा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ह्यांना इथे खोल्या मिळेपर्यंत, लग्नानंतर वर्षभर, मी त्या घरात राहिले होते. घर जाऊबाईंचं, स्वयंपाकघर जाऊबाईंचं, चहात साखर किती तेही जाऊबाईंना विचारून. वाईट वागवायच्या असं नाही म्हणणार मी, पण मी तिथे पाहुणी पण नव्हते आणि घरची पण नव्हते. इथे आमच्या दोनच खोल्या, त्याही भाड्याच्या. खिडकीतून शिंप्याच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, त्यावर मांजरं भांडायची. पण स्टोव्ह माझा होता, डबे माझे होते, आणि डब्यात काय ठेवायचं ते मी ठरवायचे. ते सोडून परत त्या मागच्या खोलीत? मी मनाशी पक्कं ठरवलं, मेले तरी जाणार नाही. दादांना तोंडावर काय म्हणणार? "तीन महिने आहेत ना, बघू," एवढंच म्हटलं.

घरपोच सेवेची कल्पना माझीच. उगाच त्यांच्या नावावर खपवत नाही, आणि आता ते खोडायलाही नाहीत. बस बंद झाल्यावर तिच्या वाटेवरची माणसं अडकली होती. दुकानं सगळी आमच्या टोकाला, आणि पलीकडे राहणारे बहुतेक म्हातारे. पूर्वी बसने येऊन पिशव्या भरून जायचे. मी म्हटलं, "माणसं येत नाहीत तर सामान जाऊ दे. घरपोच सेवा सुरू करू या." हे भिंतीकडे बघत म्हणाले, "कशावर? डोक्यावर घेऊन?" पण भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलले, हेच मला पुष्कळ वाटलं.

बर्फवाल्याने टेम्पो घेतला होता, त्याची जुनी तीनचाकी सायकल दुकानामागे पडून होती. पुढे मोठी लाकडी पेटी, आतून पत्रा ठोकलेला. पैसे थोडे रोख आणि थोड्याच्या बदल्यात मी त्याच्या बायकोला चार ब्लाऊज शिवून दिले. घरमालकाने दाराला लावलेला हिरवा रंग उरला होता, तो मागून आणला. पेटीला रंग दिला. जाहिरात छापायला पैसे कुठले? डेपोतून रद्द झालेल्या वेळापत्रकांचा गठ्ठा ह्यांनी आणला होता, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी वळणदार अक्षरात लिहिलं: नऊ नंबरची घरपोच सेवा. किराणा, पाव, धुतलेले कपडे, दुरुस्तीची भांडी, काहीही. किराणेवाल्याने आपला फोन वापरू दिला आणि फोनशेजारी गिऱ्हाइकांची नावं लिहायला एक पाटी टांगली. झाला धंदा सुरू. माझा उत्साह तर काय विचारता, मी लग्नातसुद्धा एवढी नटले नव्हते.

पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारायची वेळ आली.

हे निघाले अकरा अठराला. म्हटलं, ठीक आहे, सवय आहे. दीड वाजता परत आले तर पेटी जवळजवळ भरलेलीच. "काय झालं हो? माणसं घरी नव्हती?" तर म्हणाले, "असतील. स्टॉपवर नव्हती." मला आधी कळेचना. मग कळलं. हा माणूस तीनचाकी घेऊन बसच्या वाटेने गेला, बसच्या प्रत्येक स्टॉपवर थांबला, बरोबर दोन मिनिटं उभा राहिला, हँडलवरची घंटी दोनदा वाजवली आणि पुढे निघाला! दोन-तीन म्हाताऱ्या हौसेने येऊन उभ्या होत्या, त्यांना सामान मिळालं. बाकीचे घरात वाट बघत बसलेले.

"अहो, घरपोच म्हणजे घरापर्यंत पोचवायचं!"

"बस कधी कुणाच्या दारात जाते का?"

"ही बस नाहीये!"

"मग तू नऊ नंबर नाव कशाला दिलंस?"

बोला आता. मी त्या दिवशी इतकी ओरडले की शिंपी छपरावर चढून बघायला लागला. पण ह्यांचं एकच. एकेकाच्या दारात गेलो तर वेळ पाळता येणार नाही, आणि वेळ पाळता येत नसेल तर कशाला करायचं काम. मग तोडगा मीच काढला. हे स्टॉपवर तीनचाकी घेऊन उभे राहणार आणि मी पिशव्या उचलून पळत पळत दारोदार जाणार. दोन मिनिटांची पाच मिनिटं करून घेतली, तीही भांडून. दहा स्टॉप. मी परत येईपर्यंत हे घड्याळाकडे बघत असायचे, आणि मी दिसले की घंटीवर बोट. एकदा तर माझी चप्पल तुटली, मी एका पायाने उड्या मारत येतेय आणि ह्यांनी डबल बेल दिली! मी भर रस्त्यात उभी राहून म्हटलं, "जा, जा तुम्ही पुढे, मी नऊ नंबरनेच येते!" तेव्हा हसले. किती महिन्यांनी हसले होते.

खोटं नाही सांगत, ते दिवस फार चांगले होते. पायाचे तुकडे पडायचे, नाकी नऊ यायचे, पण दुपारी दहाव्या स्टॉपवर, बंद कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत, आम्ही बर्फाच्या त्या पेटीवर बसून पाव खायचो आणि मला वाटायचं, हा माणूस बावीस वर्षं रोज इथवर येत होता आणि मी कधी बघितलंच नव्हतं हे. ते मला माणसं दाखवायचे. हा दुसऱ्या स्टॉपचा, कधी सुटे पैसे आणायचा नाही. ती चौथ्या स्टॉपची, पोर मांडीवर घेऊन तिकीट चुकवायची, पोराला दाढी फुटली तरी. सगळी माणसं त्यांच्या डोक्यात स्टॉपप्रमाणे लावून ठेवलेली होती. नावं, पत्ते, काही नाही. हा पाचवा, ही सातवी.

पण धंदा काही उभा राहत नव्हता. दोन महिने होऊन गेले आणि खोल्यांचं भाडं जेमतेम सुटत होतं. तेव्हा औषधवाल्याने विचारलं. त्याचं दुकान चौकात, गिऱ्हाईक सगळं म्हातारं. म्हणाला, पंधरा दिवस करून दाखवा, नीट झालं तर रोजचं काम तुमचं. ते मिळालं असतं तर आम्ही सुटलो असतो. मी ह्यांना बजावलं, "हे काम गेलं तर दादांच्या मागच्या खोलीत जायचं. लक्षात ठेवा." हे म्हणाले, "औषध म्हणजे वेळेचं काम. माझ्याइतकी वेळ कोण पाळणार?" ते अगदी खरं होतं. अकरा दिवस एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही.

बाराव्या दिवशी मी नव्हते. लाँड्रीवाला मोठं काम देईन म्हणत होता, त्याच्याशी बोलायला गेले होते. म्हटलं, औषधांची चारच पाकिटं आहेत, आजच्या दिवस दारात जा तुम्ही. "जातो," म्हणाले, आणि गेलेही. दुपारी तीनला औषधवाल्याचा माणूस किराणेवाल्याकडे आला. गणिताच्या बाईंचं पाकीट त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्याकडे आलं होतं, आणि ते पोचलं नव्हतं. हृदयाचं औषध, दुपारची गोळी चुकलेली, आणि बाई फोनवर घाबरल्या नव्हत्या पण चांगल्या तापल्या होत्या.

गणिताच्या बाई म्हणजे शाळेतल्या जुन्या मास्तरीणबाई. एकट्या राहायच्या, सत्तरीकडे झुकलेल्या. "मी दिलं," हे म्हणाले. "दारात जाऊन दिलं. सही घेतली."

सही बघितली तर ती बाईंची नव्हतीच.

"कुठे दिलंत?"

"सहाव्या स्टॉपवर. त्या गल्लीत एकच दार आहे, पुस्तकं बांधतो त्याचं. बाई तिथेच राहतात."

"पाकिटावर पत्ता होता ना! आठव्या स्टॉपचा!"

"मी पत्ता नाही बघितला." आवाज अगदी खाली गेला होता. "बघायचा कशाला? बाई पाच चाळीसला सहाव्या स्टॉपवर उतरतात. इतकी वर्षं उतरतात. मी नाव वाचलं आणि..."

औषधवाला काही ओरडला नाही. तो म्हणाला, "माफ करा, पण उद्या कुणी दगावलं तर मी काय करू?" आणि काम काढून घेतलं. बरोबरच होतं त्याचं, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण घरी येऊन मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. "आग लागो तुमच्या त्या स्टॉपांना! बस गेली, कारखाना गेला, सगळं गेलं आणि तुम्ही अजून दोरी धरून उभे आहात!" हे उठले, किराणेवाल्याकडे गेले आणि दादांना फोन करून आले. "पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन या म्हटलं," एवढंच सांगितलं.

म्हणजे आता आवराआवर आलीच. पण बाईंच्या गोळ्या अजून तिथेच होत्या. औषधवाल्याने बाईंना दुसऱ्या पाठवल्या असतीलही, पण मला राहवेना, चुकलेलं आपण निस्तरायचं. मी पायात चपला घातल्या. हे तीनचाकी घेऊन मागे आले.

सहाव्या स्टॉपच्या गल्लीत ते एकच दार. आत खळीचा वास, पुठ्ठ्यांचे ढीग, आणि एक म्हातारा बांधणीवाला, पासष्टीचा, शेजारी काठी टेकवलेली. पाकीट त्याच्यासमोर टेबलावर, न फोडलेलं. मी म्हटलं, "माफ करा, हे चुकून..." तर त्याने पाकिटावर हात ठेवला. घट्ट. म्हणाला, "हे कसलं औषध आहे?"

"हृदयाचं."

"फार आहे का?"

मी चिडलेच. "तुम्हाला काय करायचंय? तुमचं नव्हतं तर घेतलंत कशाला?"

"नाव वाचलं आणि घेतलं," तो म्हणाला. "माझी बहीण आहे ती. अकरा वर्षं झाली आमचं बोलणं नाही."

मग हळूहळू बोलला. भांडण झालं, बोलणं तुटलं. पण त्यानंतर बाई रोज शाळेतून परतताना घराच्या दोन स्टॉप आधी उतरायच्या, त्याच्या दारावरून सरळ चालत जायच्या आणि पुढे आठव्यापर्यंत पायी. निवृत्त झाल्या, म्हाताऱ्या झाल्या, तरी संध्याकाळी बसने फेरी मारायच्या आणि इथेच उतरायच्या. दाराकडे बघायच्या, आत यायच्या नाहीत. हाही पाच चाळीसला काम थांबवून मान वर करायचा. "आहे ना, एवढं कळायचं," म्हणाला. "बस बंद झाली आणि तेही कळेनासं झालं. माझा पाय मोडल्यापासून मला दोन स्टॉप चालवत नाही." भांडण कशावरून झालं होतं ते मी विचारलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू, विचारलं होतं. पुढेसुद्धा दोन-तीनदा विचारलं, दोघांनाही. नाहीच सांगितलं.

"हे मीच देतो तिला," तो म्हणाला.

आम्ही त्याला बर्फाच्या पेटीवर बसवलं. एका हातात काठी, दुसऱ्यात पाकीट. हे पायडल मारत होते आणि मी मागून ढकलत होते. सहा ते आठ मध्ये चढ आहे, बसमध्ये बसून तो कुणाला कळला नसेल.  ह्यांनी त्या दिवशी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

बाईंनी दार उघडलं. चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो म्हणाला, "ताई, औषध." बाईंची नजर खाली गेली. त्याच्या पायाकडे, काठीकडे. मग म्हणाल्या, "किती वाळलायस. आत ये. उंबरा उंच आहे, जपून." झालं. अकरा वर्षांचं भांडण एवढ्यात संपलं. मी पदराने डोळे पुसले, लपवायचं काय त्यात.

आम्ही निघणार तर बाईंनी ह्यांना हाक मारली. "डबलबेल, इकडे ये." हे पोरासारखे समोर जाऊन उभे राहिले. शाळेत त्यांच्या हाताखालून गेले नव्हते, तरी.

"इतकी वर्षं मला सहाव्या स्टॉपचं तिकीट दिलंस. एकदा तरी विचारलंस का, बाई, तुम्ही राहता कुठे?"

"कंडक्टरने कुठे उतरायचं एवढंच विचारायचं असतं, बाई. बाकी नाही विचारायचं."

"बरोबर. बसमध्ये बरोबर." बाई शांतपणे म्हणाल्या, गणित समजावतात तशा. "पण आता तुझी बस कुठाय? आता तू दारात येणारा माणूस आहेस. दारात येणाऱ्याने विचारायचं असतं."

मी तीन महिने ओरडून ओरडून जे सांगत होते ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. परतताना सातव्या स्टॉपच्या खांबाला तीनचाकी टेकवून हे उभे राहिले आणि रडले. बस गेल्यापासून रडलेच नव्हते. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले. काही सुचेना, म्हणून म्हटलं, "वेळ होतोय." तर रडता रडता हसले.

दुसऱ्या दिवसापासून हे दारात जायला लागले, आणि विचारायला लागले. तिसऱ्या स्टॉपवरच्या आजोबांना पिशवीची गाठ सुटायची नाही, म्हणून ते घरपोच काही मागवतच नव्हते. हे गाठ न मारता पिशवी न्यायला लागले. चौथ्या स्टॉपची ती तिकीट चुकवणारी, आता शिवणकाम करायची. तिला रंग जुळवून दोरा हवा असायचा, तर हे कापडाचा तुकडा खिशात घालून तीन दुकानं फिरले. अकरा अठराला निघायचे आणि यायचे चार वाजता, कधी पाच. उशीर झाला की मला अपराध्यासारखं सांगायचे, आणि मी मनातल्या मनात नाचायचे. बाईंनी औषधवाल्याला तंबी दिली की माझं पाकीट हाच आणेल. त्याने ऐकलं, पण एकच पाकीट दिलं, बाईंचं. बाकी काम दुसऱ्याला. तरी त्या आठवड्यात पाटीवर नऊ नवी नावं लागली. भाडं आणि वर थोडं, एवढं. पुरेसं नाही, पण भिंतीकडे तोंड करून बसण्याइतकं कमीही नाही.

रविवारचं मी विसरले नव्हते. मला वाटलं, ह्यांनी दादांना फोन करून नको म्हणून सांगितलं असेल. मी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. आणि ह्यांना फोन करायचा धीरच झाला नव्हता. दादांना नाही म्हणायचं ह्यांच्या रक्तातच नव्हतं.

रविवारी सकाळी टेम्पो दारात. दादा सुंभ, गोणपाटं, सगळं घेऊन आलेले. आले, बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. पलंग सोडला, ट्रंका बाहेर. आणि हे? हे खाली मान घालून माझ्या डब्यांची गोणी बांधायला बसले. माझे डबे! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. इतके दिवस दादांना सुनवायची वाक्यं पाठ केली होती, झोपेतही म्हटली असती, पण तेव्हा एक आठवेल तर शपथ. मला वाटलं, मी काही बोलले तर हे माझ्यामुळे थांबतील. माझ्यामुळे थांबलेला माणूस मला नको होता.

दादा बाहेरून म्हणाले, "ही तीनचाकी काही मावायची नाही. जाताना भंगारवाल्याला देऊन टाकू."

ह्यांचे हात थांबले. "ती नाही द्यायची, दादा."

"अरे, मग ठेवणार कुठे?"

"इथेच." हे उठून उभे राहिले. हातात सुंभाचं टोक तसंच. "दादा, मी नाही येत."

दादा आत आले. "जमलंय का तुमचं?"

मला वाटलं, आता हे थाप मारतील, मारा बाई एक थाप. पण ह्यांना कधी जमलंय? म्हणाले, "नाही. अजून नाही जमलेलं. जमेल की नाही तेही माहीत नाही. पण मला इथेच राहायचंय." आणि थोबाडीत बसणार असल्यासारखे डोळे बारीक करून उभे राहिले. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस.

दादा डब्यांच्या गोणीवर बसले, पाणी मागितलं. मी पेला दिला. पाणी पिऊन झाल्यावर पेल्याकडेच बघत म्हणाले, "बरं. राहा." मग पेला परत देत, "खोली रंगवून घेतली होती."

"कुठली?" मी विचारलं.

"मागची. तुमची. निळा रंग दिलाय. हिने पडदेही निळेच शिवलेत, महिनाभर बसली होती. म्हणाली, धाकटीला निळा आवडतो. लग्न होऊन आली तेव्हा निळीच साडी सारखी नेसायची." उठले, गोणीची गाठ स्वतःच्या हाताने सोडली आणि माझे डबे एकेक करून फळीवर परत लावून दिले. उलटसुलट लावले, पण मी काही म्हटलं नाही. रिकामा टेम्पो घेऊन दादा परत गेले.

मी जिंकले होते. घर माझं, स्टोव्ह माझा, नवरा इथे राहणार होता आणि आपणहून राहणार होता. आणि मी फळीसमोर बसून हमसून हमसून रडले. हे घाबरले, "अगं, आता काय झालं?" मी काय सांगणार होते? मला निळा रंग आवडायचा नाही. लग्नात मला दोनच साड्या मिळाल्या होत्या, एक निळी होती. आणि त्या घरात मला कुणी बघत नाही असं मी वर्षभर समजत होते.

नऊ नंबर आम्ही एकोणीस वर्षं चालवली. पुढे दुसरी तीनचाकी आली, मग छोटा टेम्पो. दर वर्षी दोन दिवस दादांकडे जायचो आणि त्या खोलीत झोपायचो. तिथे दुसरं कुणी राहायला आलंच नाही, दादांची मुलंही तिला 'काकांची खोली' म्हणायची. आता दादा नाहीत, हेही नाहीत. जाऊबाई आणि मी दोघीच उरलोय. मागच्या वर्षी गेले तर म्हणाल्या, "रंग अगदी फिका पडलाय गं. नवा देऊन घेते. कुठला देऊ?"

मी म्हटलं, "निळाच द्या."